नव्वदला स्टीयरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग मशीन म्हणतं शून्य

प्रश्न गेवराई तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली पेट्रोल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, २,३०० किलोमीटर झालेत. धुळे-सोलापूर महामार्गावर ८५ च्या पुढे स्टीयरिंग थरथरायला लागतं आणि १०० पर्यंत तसंच राहतं. समृद्धीवर ११० ला गेलं की बरंच कमी होतं. शोरूमने दोनदा अलाइनमेंट-बॅलन्सिंग (चाकांचे कोन जुळवणं आणि रिमला छोटी वजनं लावून चाक समतोल करणं) करून दिलं, थोडा फरक पडला, पण गेलं नाही. आता ते म्हणतात, "या मॉडेलला एवढं असतंच, आणि आपले रस्तेही तसेच." यावर काय करावं?

दादा, "एवढं असतंच" हे अजिबात मान्य करू नका. गाडी तंत्रज्ञाने हातात घ्यायच्या आधीच तुमच्या प्रश्नात निम्मं उत्तर आलंय. थरथर ८५ ला सुरू होते, १०० पर्यंत टिकते आणि ११० ला उतरते. खराब रस्ता असा वेग बघून वागत नाही. तो ६० लाही हादरवतो, ११० लाही हादरवतो. ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येणारी थरथर बहुतेक वेळा फिरणाऱ्या चाकातून येते.

आकड्यांत बघू. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना २१५/६० आर १६ मापाचा टायर असतो. त्याचा घेर साधारण २.१ मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला बरोबर २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १२ वेळा फिरतं. आता त्या चाकाच्या रिमवर एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ज्वारी राखताना गोफण फिरवली की छोटासा दगडही हाताला किती ओढतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तोच प्रकार इथे होतो. ते २० ग्रॅम ९० च्या वेगाला चाकाला सव्वादोन किलोच्या आसपास जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला १२ वेळा दिशा बदलते. ४५ च्या वेगाला तीच ओढ चौथाईवर येते, म्हणून गावात काही जाणवत नाही.

मग ११० ला कमी का होतं? ओढ तर वाढायला हवी. वाढतेच. पण चाक, सस्पेन्शन आणि स्टीयरिंगची जोडणी यांची मिळून स्वतःची एक डोलायची गती असते. चाकांच्या बाबतीत ती सेकंदाला १० ते १५ वेळा या पट्ट्यात येते. चाकाचे हादरे त्या गतीशी जुळले की थरथर कित्येक पट मोठी होऊन हातात येते, पुढे गेलं की जुळणी तुटते आणि हात शांत होतो. दोष गेलेला नसतो. फक्त जाणवत नाही, पण टायर आणि सस्पेन्शनचे रबरी बुश तो खातच असतात. म्हणून "११० ला चालवा, त्रास होणार नाही" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमच्या चौपदरी महामार्गावर कारला मर्यादाही १०० चीच आहे.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून संभाजीनगर-जालना भागात ही तक्रार घेऊन येणारी माणसं वाढली. गाड्या काही अचानक बिघडल्या नाहीत. आधी आपल्याकडे तासभर सलग १०० च्या वर गाडी ठेवता येईल असा रस्ताच नव्हता, म्हणून चाकातले बारीक दोष लपून राहायचे. समृद्धीबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तो काँक्रीटचा रस्ता आहे. काँक्रीटवर आडव्या बारीक चरा असतात, स्लॅबचे सांधे असतात. त्यांची घरघर आणि टकटक तळव्यांना जाणवते, आणि ती कुठल्याही गाडीत येते. तेव्हा पारख करायची ती चांगल्या डांबरी पट्ट्यावर, उलट दिशेनेही एकदा जाऊन. तुमची थरथर डांबरावरच जास्त आहे, म्हणजे रस्त्याचा मुद्दा तुमच्यापुरता निकाली निघतो.

आता शोरूममध्ये जायच्या आधी स्वतः चार गोष्टी पक्क्या करा. तुमच्या लिहिण्यावरून उत्तरं मला अंदाजाने दिसतात, पण गाडी मी चालवलेली नाही.

थरथर हातात आहे की बुडाखाली? स्टीयरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फ्लोअर हलत असेल, हात शांत असतील, तर मागच्या चाकांवर. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथूनच करायची.

इंजिन की चाक? ९० ला थरथर चालू असताना, मागेपुढे वाहन नसेल अशा सरळ पट्ट्यात, एक गिअर खाली घ्या. वेग तोच, इंजिनचे फेरे वाढलेले. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन निर्दोष. बदलली किंवा गेली तर इंजिन माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्याकडे बघायचं. आजकाल या वर्गात तीन सिलिंडरची इंजिनं बरीच आहेत, ती उभ्या गाडीतही थोडी हलतात, म्हणून लोक गोंधळतात. पण त्या हलण्याचा आणि ९० च्या थरथरीचा संबंध नसतो.

पायाचा दाब बदलल्यावर काय होतं? अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावरच गाडी डावी-उजवी डोलल्यासारखी थरथरत असेल आणि पाय काढला की थांबत असेल, तर अ‍ॅक्सल शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट बघायला सांगा. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क. नव्या गाडीत डिस्कचा दोष येत नाही असं समजू नका. गाडी स्टॉकयार्डात पावसाळाभर उभी राहिली की डिस्कला गंज चढतो, पॅडखालचा भाग वेगळा राहतो, आणि ब्रेक लावला की पेडल आणि स्टीयरिंग दोन्ही धडधडतात. तुमची थरथर पाय स्थिर ठेवूनही येते, ब्रेकचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, तेव्हा हे दोन्ही माझ्या यादीत खाली.

चौथी गोष्ट, पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये जास्त आणि टायर गरम झाल्यावर कमी होतं का? याचं महत्त्व पुढे येईल.

अलाइनमेंटबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यावर लोकांचे पैसे वाया जाताना रोज बघतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते चुकले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टीयरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. ८५ ते १०० मधली थरथर अलाइनमेंटने जात नाही. नायट्रोजन भरूनही जात नाही. शोरूमने दोनदा अलाइनमेंट केलं म्हणजे त्यांनी तक्रार नीट ऐकलीच नाही.

बॅलन्सिंग हा योग्य उपाय होता, पण ते कसं केलं यावर सगळं अवलंबून आहे. आपल्या भागात त्यात एक खास अडचण आहे, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला ती चटकन सुचत नाही. आपली काळी माती. पाऊस झाल्यावर शेतरस्त्याने गाडी गेली की ती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते, ऊन पडलं की दगडासारखी वाळते. बाहेरून अलॉय चकचकीत दिसतं आणि आत मूठभर गोळा बसलेला असतो. २० ग्रॅमने काय होतं ते वर पाहिलं, इथे शंभर ग्रॅम सहज असतात. त्याहून वाईट म्हणजे मातीसकट बॅलन्सिंग करणं. मशीन मातीचं वजन धरून समोर शिसं लावायला सांगतं, पोरगा लावतो, आकडा शून्य येतो. चार दिवसांनी माती गळते आणि शिसं राहतं. आता ते शिसंच दोष झालं. तुमच्या "थोडा फरक पडला, पण गेलं नाही" याच्या मागे हे असू शकतं. म्हणून चाक काढून आतून बाहेरून धुऊन, जुनी वजनं सगळी काढून, मग मशीनवर चढवायचं. जुन्या वजनांच्या ओळीवर नवी वजनं चिकटवलेली दिसली तर काम पुन्हा करायला सांगा. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची नळी रिमच्या आत जवळून मारू नको म्हणा, चिकटवायची वजनं त्याने निघून जातात.

पुढे मशीनचा भाग. चाक मशीनच्या दांड्यावर शंकूच्या आकाराचा तुकडा घालून मधोमध बसवतात. हा शंकू चुकीच्या मापाचा असेल, रिमच्या मधल्या भोकाला गंज किंवा माती असेल, तर चाक केसभर बाजूला बसतं. मशीन त्या चुकीच्या मध्यावर बॅलन्स करतं आणि शून्य दाखवतं. तेच चाक गाडीच्या हबवर (चाक ज्यावर आवळतात त्या भागावर) बरोबर मध्यावर बसतं आणि थरथरतं. हे पकडायची सोपी तपासणी आहे, ती तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. शून्य आल्यावर चाक ढिलं करून दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करायचं आणि मशीन चालवायचं. काम खरं असेल तर आकडा पाच ग्रॅमच्या आतच राहतो. पंधरा-वीस ग्रॅम दिसले तर आधीचं शून्य खोटं होतं. शिवाय बरीच मशीनं आकडा पाचच्या पटीत दाखवतात आणि थोडा फरक असेल तर सरळ शून्य लिहितात. त्यांना बारीक आकडा दाखवायचं बटण असतं, ते दाबायला सांगा. चांगला कारागीर यात कमीपणा मानत नाही.

इतकं करूनही थरथर राहिली तर खरा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तुमच्या गाडीत हाच निघायची शक्यता जास्त आहे. बॅलन्सिंग मशीन वजन मोजतं, गोलाई मोजत नाही. चाक वजनाला पक्कं समतोल असूनही गोल नसू शकतं. टायरचा एखादा भाग दीड मिलिमीटर वर असेल, किंवा एका जागी टायरची भिंत बाकीच्यापेक्षा कडक असेल, तर गाडीचा भार आल्यावर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो. मशीनवर चाक हवेत फिरतं, त्याच्यावर भार नसतो, म्हणून हे तिथे दिसतच नाही. काही मशीनना एक मोठा रोलर असतो, तो टायरवर दाबून ही कडकपणाची तफावत मोजतो. अशी मशीनं आपल्याकडे थोडी आहेत, पण शोरूमने मनात आणलं तर कंपनीच्या मार्फत सोय होऊ शकते.

नव्या गाडीचा टायर असा कसा निघतो? एक तर टायर मुळातच तसा आलेला असतो. दुसरं, गाडी बरेच महिने एका जागी उभी असते. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, १२२५ असेल तर २०२५ सालचा बारावा आठवडा. तो आकडा आणि तुमच्या डिलिव्हरीची तारीख यात वर्षाच्या आसपास अंतर असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा बसलेला असण्याचा संशय घ्या. चपटेपणा हलका असेल तर टायर गरम झाल्यावर थरथर कमी होते, चौथी गोष्ट त्यासाठीच विचारली. मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या फरशीवर महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी असेल तर तो कायमचा राहू शकतो. हे टाळायला कारखान्यातून गाड्या मुद्दाम जास्त हवा भरून पाठवतात, डिलिव्हरीच्या आधी ती उतरवायची असते. ती उतरवायचं राहून जातं. तुमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा लिहिलेला असेल, सकाळी गाडी न चालवता तपासा. तिथे ३३ लिहिलंय आणि टायरमध्ये ४२ आहे असं निघालं तर आधी हवा बरोबर करा, मग थरथर मोजा. कडक टायर बारीकसारीक दोष मोठा करून दाखवतो.

रिमही बघायची. महामार्गावरून गावात वळताना रंग न मारलेला गतिरोधक ६० ने उडवला तर पोलादी रिमची कड वाकते आणि अलॉयमध्ये बारीक तडा जाऊ शकतो. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, टायरच्या अगदी जवळ एक स्थिर टोक धरायचं आणि चाक हाताने सावकाश फिरवायचं. टोक आणि टायर यातली फट कमी-जास्त होताना दिसते. नुसत्या डोळ्याला दिसेल एवढा चढउतार असेल तर तो जास्तच आहे. हे शोरूमच्या लिफ्टवर करून घ्या, शेतातल्या मातीत जॅक लावून नको.

या सगळ्यापेक्षा एक परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात वाद घालायला जागा राहत नाही. पुढची दोन चाकं त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे करा. तोच रस्ता, तोच वेग. थरथर हातातून जाऊन सीटमध्ये आली तर दोष त्या चाकात किंवा टायरमध्येच. हातातच राहिली तर चाक निर्दोष, आणि हब, डिस्क, अ‍ॅक्सल किंवा स्टीयरिंगची जोडणी बघायची. स्टेपनी लावून ही परीक्षा करू नका. बऱ्याच नव्या गाड्यांना लहान मापाची स्टेपनी असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते.

याच परीक्षेचं पक्कं रूप म्हणजे शोरूमच्या त्याच मॉडेलच्या डेमो गाडीची चारही चाकं तुमच्या गाडीला लावणं. तासाभराचं काम. थरथर गेली तर टायर-रिमचा दोष त्यांच्याच डोळ्यांसमोर सिद्ध होतो. आणि तुमची चाकं डेमो गाडीला लावल्यावर तीही थरथरली तर "या मॉडेलला असतंच" हे वाक्य तिथेच संपतं. चाकं बसवताना नट हाताने लावून चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकामागून एक समोरासमोरचे, टॉर्क पान्ह्याने आवळायला सांगा. बहुतेक छोट्या गाड्यांना १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. हवेच्या गनने एका बाजूने ठोकत आवळलं तर चाक तिरकं बसतं, आणि ज्या थरथरीसाठी गेलो तीच घेऊन परत येतो.

घरात शिकणारं पोरगं असेल तर त्याला मोबाईलवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्यायला सांगा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने ते बनवलंय. त्यात हादऱ्यांची गती मोजायची सोय आहे. मोबाईल सीटच्या लोखंडी पट्टीवर किंवा फ्लोअरवर घट्ट चिकटवायचा, तुम्ही ९० स्थिर ठेवायचे, मोजणी शेजारी बसलेल्याने करायची. आलेखात सेकंदाला १२ च्या जवळ टोक दिसलं तर चाकाच्या एका फेऱ्याला एक धक्का बसतोय. २४ च्या जवळ दिसलं तर एका फेऱ्याला दोन, म्हणजे चाक लंबगोल असण्याचा संशय. इंजिन त्या वेळी २,४०० फेऱ्यांवर असेल तर त्याचं टोक ४० किंवा त्याच्या वर येईल. त्या चित्राचा स्क्रीनशॉट ठेवा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला "गाडी हलते" सांगणं वेगळं आणि "९० ला सेकंदाला १२ चे हादरे, सपाट डांबरावर, ब्रेक न लावता" असं सांगणं वेगळं.

आता कागद. जॉब कार्डवर "व्हायब्रेशन चेक" एवढंच लिहून घेऊ देऊ नका. "८५ ते १०० वेगात स्टीयरिंग थरथरतं, दोनदा बॅलन्सिंग करूनही कायम" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. तंत्रज्ञाला शेजारी बसवून, आधी तुम्ही आणि मग तो अशी महामार्गावर चक्कर मारा आणि चक्कर झाल्याची नोंदही कार्डावर घ्या. बॅलन्सिंगच्या आधीचे आणि नंतरचे आकडे चारही चाकांचे मागा. टायरची वॉरंटी साधारणपणे टायर कंपनीची असते, कार कंपनीची नाही, म्हणून शोरूमवाले हात वर करतात. पण गाडी तुम्हाला त्यांनी विकली. टायर कंपनीचा माणूस बोलावून तपासणी करून घेणं हे त्यांचं काम आहे, त्याची तारीख लेखी मागा.

दोन लेखी तक्रारींनंतरही हललं नाही तर कार कंपनीला ईमेल, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर. तिथेच बरीच प्रकरणं सुटतात. पुढे बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. डोळ्यांनी न दिसणारा दोष असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो. इतकं लांब जावं लागू नये असं मला मनापासून वाटतं. डेमो गाडीच्या चाकांची परीक्षा नीट झाली तर बहुधा लागणारही नाही.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र कागदाची वाट बघू नका, गाडी लगेच उभी करा. टायरच्या भिंतीवर फुगा आलाय. थरथर दिवसागणिक वाढतेय किंवा कमी वेगालाही यायला लागलीय. एखादा नट ढिला किंवा गायब आहे. चाकातून टकटक येतेय. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी १०० च्या वेगाला तो टायर फुटला तर गाडी आवरत नाही. घरच्यांना घेऊन तशा गाडीत संभाजीनगरला निघू नका, टोइंग मागवा.

यातलं काही नसेल तर तोवर ८० च्या आत चालवा. उद्या सकाळी गाडी थंड असताना हवा तपासा, चारही टायरचे ते चार आकडे वहीत लिहा, रिम आतून धुऊन घ्या, आणि धुतल्यावर त्याच पट्ट्यात एकदा ९० ला जाऊन बघा. मग पुढची-मागची चाकं बदलून पुन्हा. थरथर हातात राहिली की सीटमध्ये आली, एवढं कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.